खोदाईआधी दोन्ही कर्ण मोजा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दहावीचे निकाल लागले की ‘त्रिकोणमितीचा पुढे आयुष्यात उपयोग तरी काय?’ हा प्रश्न आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात कोणी ना कोणी पालक विचारतातच, आणि त्यावर येणारी उत्तरे बहुधा विमाने, उपग्रह आणि मोठे पूल यांच्यापाशी जाऊन थांबतात. ती उत्तरे खरी आहेत, पण विचारणाऱ्या पालकाला उपग्रह सोडायचा नसतो. त्याला पुढेमागे स्वतःचे घर बांधायचे असते. मी बावीस वर्षे आयटीआयमध्ये स्थापत्य आरेखनाचा शिल्पनिदेशक होतो, आणि निवृत्तीनंतर सिंधुदुर्गात गावी राहायला आल्यापासून आसपासच्या लोकांच्या घरांच्या आखणीला बोलावले की जातो. त्या अनुभवावरून एक गोष्ट मला कळकळीने मांडायची आहे. पाया खोदण्याच्या आदल्या दिवशी जमिनीवर नुसत्या खुंट्या, दोरी आणि फक्की असते. त्या वेळी नववी-दहावीच्या पुस्तकातली त्रिकोणमिती तासभर वापरली, तर एरवी घराला जन्मभर चिकटणारी चूक एक खुंटी उपटून दुरुस्त करता येते.

माझ्या धाकट्या बहिणीने सात वर्षांपूर्वी सासरच्या जमिनीत घर बांधले. जागा कोकणातल्या बहुतेक जागांसारखी उताराची, आणि जोते ३० फूट रुंद व समोरून मागे ४० फूट लांब धरलेले. समोरची बाजू सपाट होती आणि डावीकडे पूर्वीचे खळे असल्यामुळे तिथली जमीनही सपाट होती; उजवीकडची कड मात्र पुढून मागे उतरत जाऊन मागच्या कोपऱ्याशी साडेपाच फूट खाली गेली होती. ठेकेदाराच्या माणसांनी समोर ३० फुटांची दोरी ताणली, तिच्या दोन्ही टोकांना तीन-चार-पाचचा गुण्या (३, ४ आणि ५ फूट बाजूंचा काटकोन त्रिकोण) धरून काटकोन काढले आणि दोन्ही बाजूंना जमिनीवर टेप अंथरून ४० फुटांवर खुंट्या ठोकल्या. मागची बाजू तपासताना जमीन इतकी वाकडी होती की टेप अंथरणे शक्य नव्हते, म्हणून ती त्यांनी ओळंबा सोडून आडवी मोजली. ती बरोबर ३० फूट भरली आणि सर्वांचे समाधान झाले. मी तेव्हा नोकरीच्या गावी होतो आणि आखणीच्या दिवशी पोचू शकलो नाही, याची खंत मला आजही आहे.

चूक अशी होती की नुसत्या नजरेला ती दिसणे शक्य नव्हते. ४० फुटांत साडेपाच फूट उतार, म्हणजे साइनची किंमत ०.१३७५, म्हणजे सुमारे ८ अंश. नकाशातली सगळी अंतरे आडवी असतात. उतारावर अंथरलेल्या ४० फुटांचे आडवे अंतर ४० गुणिले कॉस ८ अंश, म्हणजे ३९.६२ फूट एवढेच भरते. उजवी बाजू अशी साडेचार इंचांनी तोकडी झाली आणि मागची भिंत तेवढी तिरकी गेली. आता मागच्या बाजूचे माप बरोबर का भरले ते पाहा. ३० फूट अंतरात एक टोक साडेचार इंच पुढे सरकले, तर त्या बाजूची लांबी वाढते जेमतेम पाव सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि ती कुठल्याच टेपवर दिसत नाही. म्हणजे ज्या मापाने सर्वांना धीर आला, त्या मापात ही चूक दाखवण्याची ताकदच नव्हती.

जोते झाले, चिऱ्याच्या भिंती उभ्या राहिल्या, गिलावाही झाला, तरी कोणाला काही जाणवले नाही. मागच्या १२ फुटी खोलीत दोन बाय दोनच्या फरश्या बसवायला कारागीर आला, तेव्हा सगळे उघडे पडले. मधल्या भिंतीपासून सुरू केलेल्या रांगा मागच्या भिंतीशी पोचल्या तेव्हा शेवटच्या पट्टीला एका टोकाला पाच इंचांची कातर लागत होती आणि दुसऱ्या टोकाला सव्वातीन इंचांची. पाचर कापून बसवलेली ती पट्टी आजही दारातून आत जाताना पहिली नजरेत भरते. ओट्याचा ग्रॅनाइट त्या कोपऱ्यात दोनदा कापावा लागला, आणि भिंतीतले कपाट बाजारात मिळणाऱ्या मापाचे न बसल्याने सुताराकडून वेगळे करून घ्यावे लागले. हा सगळा भुर्दंड बहिणीच्या कुटुंबाने सोसला. ठेकेदाराशी भांडून उपयोग नव्हता, कारण त्याने मोजमाप केले होते आणि ते सर्वांच्या देखत केले होते.

त्या दिवशी आणखी दोन मापे घेतली असती तर पुरले असते. समोरच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि समोरच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत, असे दोन कर्ण. ३० बाय ४० च्या आयताचा कर्ण बरोबर ५० फूट. बहिणीच्या घराचा एक कर्ण ५० फूट भरला असता आणि दुसरा ४९.७ फूट, म्हणजे साडेतीन इंचांहून अधिक फरक. आयताचे कर्ण समान असतात हे नववीच्या मुलाला पाठ असते. हे प्रमेय म्हणजे जमिनीवरच्या काटकोनाची सर्वांत सोपी आणि सर्वांत कडक परीक्षा आहे, ही गोष्ट मात्र त्याला कोणी सांगत नाही.

या परीक्षेला दोन अटी आहेत आणि त्या दोन्ही कटाक्षाने पाळाव्या लागतात. पहिली अशी की, समोरासमोरच्या बाजू समान आहेत हे आधी पाहिले पाहिजे. मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा दोन्हीकडून सारखीच आखूड असेल, तर तो समलंब चौकोन होतो आणि त्याचेही कर्ण समान भरतात. दुसरी अट अशी की, कर्णदेखील आडवाच मोजला पाहिजे. उताराच्या जागेत पाण्याची नळी घेऊन चारही कोपऱ्यांना एकाच पातळीच्या खुणा कराव्यात, त्या पातळीत दोऱ्या ताणाव्यात आणि टेप दोरीच्या बाजूने धरावा. जमिनीला टेकू देऊ नये. ज्यांना हे जमणारच नाही, त्यांनी निदान उतार मोजून हिशेब करावा: जमीन जितके फूट खाली गेली, त्याचा वर्ग करून लांबीच्या दुपटीने भागले की तूट मिळते. साडेपाचाचा वर्ग ३०.२५, भागिले ८०, म्हणजे ०.३८ फूट. हेच ते साडेचार इंच.

गवंड्यांना गणित येत नाही, असे मला मुळीच म्हणायचे नाही. तीन-चार-पाचचा गुण्या आमच्याकडच्या प्रत्येक मिस्त्रीला येतो आणि तो अगदी शुद्ध आहे. शुल्बसूत्रांतले ‘शुल्ब’ म्हणजे दोरीच; यज्ञवेदीची आखणी याच त्रिकोणाने करण्याची रीत तिथे दिली आहे, आणि ५-१२-१३ व ८-१५-१७ ही त्रिकुटेही आपस्तंबाच्या सूत्रांत आहेत. ‘सुतार’ हा शब्दच ‘सूत्रधार’ या शब्दापासून आला आहे. दोरी धरून रचना करणाऱ्यांची ही विद्या फार जुनी आहे. अडचण येते ती त्रिकोण केवढा घ्यायचा याबाबत. ३, ४ आणि ५ फुटांचा त्रिकोण घेऊन कर्णात दोन सूत, म्हणजे पाव इंच, चूक झाली तर कोनात सुमारे अर्ध्या अंशाची चूक होते, आणि ती रेषा ४० फूट पुढे नेली की टोक चार इंचांहून जास्त बाजूला पडते. तीच दोन सुतांची चूक ९, १२ आणि १५ फुटांच्या त्रिकोणात झाली तर टोक दीड इंचाच्या आत सरकते. ३०, ४० आणि ५० फुटांत झाली तर अर्ध्या इंचाच्याही आत. चूक माणसाच्या हातून होणारच, पण ती किती मोठी होऊ द्यायची हे आपल्या हाती असते. म्हणून मी नेहमी सांगतो की, जागेत मावेल तेवढा मोठा त्रिकोण घ्या. १६ बाय ३० च्या लांबट घराला ८-१५-१७ ची दुप्पट घेतली की कर्ण बरोबर ३४ फूट येतो आणि आकडेमोडही करावी लागत नाही.

याच माघात बहिणीच्या मुलाने शेजारीच स्वतःचे घर आखायला घेतले आणि या वेळी मी हजर होतो. माप २८ बाय ३६ फूट. २८ चा वर्ग ७८४, ३६ चा वर्ग १२९६, बेरीज २०८०, तिचे वर्गमूळ ४५.६०७. इथे एक सावधगिरीची सूचना करतो, कारण हा घोटाळा मी निदान दहा ठिकाणी पाहिला आहे. मोबाइलवर ४५.६ हा आकडा दिसला की तो ‘४५ फूट ६ इंच’ असा वाचला जातो. दशांश फूट आणि इंच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; .६०७ ला १२ ने गुणले की सव्वासात इंच येतात, म्हणजे कर्ण ४५ फूट ७ इंच २ सूत. सव्वा इंचाची ही गफलत झाली, तर बरोबर आखलेले घर चुकीचे ठरवून ते वाकडे करण्याचे काम आपल्याच हातून होते.

खुंट्या ठोकून कर्ण मोजले तेव्हा एक ४५ फूट ८ इंच भरला आणि दुसरा ४५ फूट साडेसहा इंच. चारही बाजू बरोबर होत्या, म्हणजे आकृती किंचित कललेली होती. मिस्त्रीने लगेच मागच्या दोन्ही खुंट्या पाऊण इंच बाजूला सरकवायला घेतल्या, कारण आखूड कर्ण पाऊण इंचाने वाढायला हवा होता. मी त्याला थांबवले. खुंटी सरकते मागच्या भिंतीच्या रेषेत आणि कर्ण जातो तिरका. या दोन रेषांमधल्या कोनाचा कॉस म्हणजे २८ भागिले ४५.६, म्हणजे ०.६१. खुंटी एक इंच सरकवली तर कर्ण ०.६१ इंचच वाढतो; पाऊण इंच वाढवायचा असेल तर खुंटी सव्वा इंच सरकवली पाहिजे. तशी सरकवली, टेप पुन्हा लावला, आणि दोन्ही कर्ण ४५ फूट ७ इंच २ सूत भरले. मिस्त्रीने टेपवर अंगठा तसाच दाबून ठेवून दुसऱ्या टोकाच्या पोराला तीनदा आकडा वाचायला लावला. एरवी सरकव, मोज, पुन्हा सरकव, पुन्हा मोज, यात अर्धी सकाळ जाते आणि कंटाळून शेवटी इंचभर फरक तसाच सोडला जातो. कॉस ही काय चीज आहे, हे त्या मिस्त्रीने मला नंतर चहा घेताना सविस्तर विचारले आणि विटेच्या तुकड्याने जोत्याच्या दगडावर स्वतः काढून पाहिले.

दुसरी अडचण असते तिरक्या प्लॉटची. रस्ता वळणावर असला, किंवा भावाभावांत वाटण्या होऊन हद्द कशीही गेलेली असली, की प्लॉटचा कोपरा काटकोनात नसतो, आणि घर रस्त्याला समांतर ठेवावे की बाजूच्या हद्दीला, असा प्रश्न पडतो. हा कोन मोजायला कोणतेही यंत्र लागत नाही. कोपऱ्यापासून दोन्ही हद्दींवर दहा-दहा फुटांवर खुणा करा आणि त्या दोन खुणांमधले अंतर मोजा. ते अंतर दोनाने भागून पुन्हा दहाने भागले की अर्ध्या कोनाचा साइन मिळतो. अंतर १५ फूट भरले, तर साइन ०.७५, अर्धा कोन साडेअठ्ठेचाळीस अंशांहून किंचित जास्त, आणि पूर्ण कोन ९७ अंशांच्या थोडा वर. आपल्या प्राचीन गणितात साइनला ‘ज्या’ म्हणतात आणि ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. कोनासमोर ताणलेल्या त्या टेपकडे पाहिले की हे नाव अगदी चपखल वाटते. काटकोनापेक्षा हा कोन ७ अंशांनी जास्त आहे एवढ्यावर थांबू नये. टॅन काढून पाहावा: ४० फूट मागे गेल्यावर हद्द आणि काटकोनातली भिंत यांत ५ फुटांचा फरक पडतो. कोपरा काटकोनापेक्षा लहान असला, की पुढे भरपूर सोडलेली बाजूची मोकळी जागा मागे नियमापेक्षा कमी भरते ती अशाने, आणि हे कळते तेव्हा बहुतेक वेळा भिंती खिडकीपर्यंत आलेल्या असतात. मोकळी जागा नेहमी हद्दीला काटकोनात मोजायची असते. घराच्या भिंतीच्या रेषेत तिरकी मोजली, तर प्रत्यक्ष सोडलेले अंतर कागदावरच्यापेक्षा कमी असते.

प्लॉटच्या क्षेत्रफळाविषयीही इथेच लिहितो, कारण आखणीची सुरुवात तिथून होते. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करायची पद्धत गावोगाव चालते. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट, हे सर्वांना ठाऊक असते. पण चारही बाजू ३३ फूट असूनही कोपरा ७० अंशांचा असेल, तर क्षेत्र १०८९ गुणिले साइन ७० अंश, म्हणजे सुमारे १०२३ चौरस फूट भरते. ६६ चौरस फूट हवेत जातात, पैसे मात्र पूर्ण गुंठ्याचे मोजले जातात. चौकोनाच्या नुसत्या चार बाजू सांगून त्याचे क्षेत्र विचारणारा आणि सांगणारा, या दोघांवरही भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त फार कडक शब्दांत टीका केली आहे, कारण बाजू त्याच राहूनही चौकोनाचा आकार बदलू शकतो आणि एक कर्ण कळल्याखेरीज तो निश्चित होत नाही. ज्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्याच चाळीसगाव तालुक्यात पाटणे येथे आहे, त्यांचा हा इशारा आपण जमीन घेताना तरी पाळायला हवा. मोजणीच्या नकाशावर कर्ण नसेल, तर तो स्वतः टेपने मोजून घ्यावा.

जोत्यापुढे जाऊन छपराकडे पाहिले तर हेच गणित पैशांच्या हिशेबाला येते. २० फुटांच्या गाळ्यावर (म्हणजे दोन भिंतींमधल्या अंतरावर) ३० अंशांच्या उताराचे दुपाखी कौलारू छप्पर घ्यायचे असेल, तर अर्धा गाळा १० फूट गुणिले टॅन ३०, म्हणजे आढे भिंतीच्या माथ्यापासून ५ फूट सव्वानऊ इंच वर येईल. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून छप्पर आडव्या मापाने २ फूट पुढे काढले, तर वाशाची लांबी १२ भागिले कॉस ३०, म्हणजे १३ फूट सव्वादहा इंच होते. नकाशावर १२ फूट दिसतात म्हणून १३ फुटी वासे किंवा पाइप आणले, की ते दहा इंचांनी कमी पडतात आणि वळचण आखूड करून वेळ मारून नेली जाते. कोकणातल्या पावसात याची फळे चिऱ्याच्या भिंती भोगतात. कौलांचा हिशेबही नकाशावरच्या क्षेत्रावर करायचा नसतो. ३० अंशांच्या छपराला तो सुमारे साडेपंधरा टक्क्यांनी वाढतो: आडव्या मापाने ९६० चौरस फूट असलेल्या छपराला ११०८ चौरस फुटांची कौले लागतात.

काटकोनात वळलेल्या घराच्या छपराबद्दल मात्र थोडे जास्त सांगितले पाहिजे, कारण गळतीच्या तक्रारी बहुतेक तिथल्याच असतात. दोन पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, आतल्या कोपऱ्यात जिथे मिळतात ती खोलगट रेषा, किंवा चौपाखी घरात बाहेरच्या कोपऱ्यातून आढ्याकडे जाणारा कोनवासा, यांचा उतार पाख्यांच्या उताराइतका नसतो. पाखे १० फुटांत जेवढे चढते, तेवढेच चढायला कोनवाशाला आडवे १४.१४ फूट जावे लागते. पाख्यांचा उतार ३० अंश असेल, तर त्या रेषेचा उतार २२ अंशांहून थोडाच जास्त राहतो. दोन पाख्यांचे पाणी एकत्र येते ती जागाच सर्वांत सपाट असते. उतार ठरवताना पाख्याकडे न पाहता या रेषेकडे पाहावे आणि तिथला पत्रा रुंद घ्यावा. हा आकडा काढायला टॅन ३० ला दोनाच्या वर्गमूळाने भागण्यापलीकडे काहीही करावे लागत नाही.

जिन्याचे थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या घराच्या पायरीची उंची १९० मिलिमीटरच्या आत आणि पाऊल ठेवायची रुंदी निदान २५० मिलिमीटर असावी लागते. ३ मीटर चढायचे तर १६ चढ येतात, प्रत्येकी १८७.५ मिलिमीटरचे, आणि १५ पायऱ्यांना ३.७५ मीटर आडवी जागा लागते. १८७.५ आणि २५० यांचे प्रमाण ३ आणि ४ चे आहे, म्हणजे इथेही कर्ण ५ चाच. ही ३.७५ मीटर जागा आखणीच्या दिवशी फक्कीने जमिनीवर दाखवली नाही, तर पुढे जिना तीन मीटरांत कोंबला जातो, ४५ अंशांच्या आसपास चढतो, आणि घरातली म्हातारी माणसे वरच्या मजल्यावर जाणे सोडून देतात. त्यांच्यासाठी अंगणातून उतरण (रॅम्प) करायची असेल तर ती १२ फुटांत १ फूट चढणारी असावी, म्हणजे ५ अंशांच्या आत. २ फूट उंच जोत्याला २४ फूट लांबी लागते आणि तीही सुरुवातीलाच राखून ठेवावी लागते.

या सगळ्यावरून माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली ग्रामपंचायतींकडे आणि पंचायत समित्यांच्या अभियंत्यांकडे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. ५ मीटर बाय ५ मीटरच्या अशा घराचा कर्ण ७ मीटर ७ सेंटिमीटर येतो. एवढ्या लहान घरात एक भिंत तिरकी गेली, तर पलंग, कपाट आणि मोरी यांचा मेळ बसत नाही, आणि ते बांधणाऱ्या कुटुंबाला स्वतंत्र अभियंता नेमणे परवडत नाही. बांधकामाच्या टप्प्यांवर छायाचित्रे घेतली जातातच. पाया खोदण्यापूर्वीच्या टप्प्याला दोन्ही कर्णांची मापे लिहून त्यावर घरमालकाची आणि गवंड्याची सही घेण्याची पद्धत पाडावी. त्याला खर्च काहीच नाही. लागतात फक्त एक टेप, दोघे जण आणि दहा मिनिटे.

दुसरी मागणी माध्यमिक शाळांच्या गणित शिक्षकांकडे. त्रिकोणमितीच्या प्रकरणात झाडाची उंची, दीपगृह आणि नावा यांची उदाहरणे मुले वर्षानुवर्षे सोडवत आली आहेत. ती राहू द्यावीत, पण एक तास वर्गाबाहेर घ्यावा. शाळेच्या क्रीडामहोत्सवाआधी कबड्डीचे मैदान मुलांकडूनच आखून घ्यावे: १३ मीटर बाय १० मीटर, कर्ण १६ मीटर ४० सेंटिमीटर. मुलांनी आधी नजरेने काटकोन काढावा, मग दोन्ही कर्ण मोजावेत, फरक किती आला ते लिहावे, आणि खुंटी किती सरकवायची ते कॉसने काढून एकाच वेळी बरोबर करून दाखवावे. माझ्या भाच्याच्या आखणीला शेजारच्या दोन मुली दोरी धरायला आल्या होत्या. दोघी दहावीत आहेत. सव्वा इंचाचे गणित मी तोंडाने सांगत असताना त्यांतल्या एकीने ते वहीच्या मागच्या पानावर मांडले आणि माझ्याआधी उत्तर दिले. नंतर घराच्या चारही खोल्यांचे कर्ण तिनेच काढून दिले, आणि तो कागद मिस्त्रीने नकाशाला टाचणी लावून ठेवला आहे.

१० बाय १० पासून ४० बाय ६० पर्यंत नेहमीच्या मापांचे कर्ण फूट, इंच आणि सुतांत देणारे एक पानाचे कोष्टक, शेजारी उताराच्या तुटीचे आकडे घालून, मी तयार करत आहे. आपल्या दैनिकाला बांधकामाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, दिवाळीनंतर, ते छापावेसे वाटल्यास मी ते विनामूल्य पाठवीन.

कळावे.
आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक
जि. सिंधुदुर्ग